गॅलरीतलं मशीन

"काका, खरं सांगा. इथं काय जाळलंत?"

"मी कशाला काय जाळू?" काका कप पुसत राहिले. "ह्या वयात आगीशी खेळतोय होय!"

काका म्हणजे माझे कुणी नव्हेत. चौकावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. मुलगी आहे, ती फोनवर. त्यांच्या गॅलरीत आमच्या प्रयोगशाळेनं हवेतली धूळ मोजायचं मशीन बसवलं होतं. पंप हवा ओढतो, धूळ गोल पांढऱ्या कागदावर बसते. रोज सकाळी मी तो कागद बदलायचा आणि काळा झालेला डबीत घालून न्यायचा. पाच मिनिटांचं काम, पण काका ते तासभर पुरवायचे. आधी चहा, मग कपाटाची करकरणारी बिजागरी, मग शेजारणीची गाऱ्हाणी. "काका, मला अजून बाकीच्या गच्च्या आहेत हो!" असं म्हणून मी वैतागायचे आणि तरी बसायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या खोलीवर तरी कोण वाट बघत होतं?

काल प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. काकांकडचे शेवटचे कागद भलतेच काळे निघाले होते. गाड्यांच्या धुरानंही कागद काळे होतात, पण ह्यांत लाकूड किंवा कागद जळल्यावर तयार होणारा पदार्थ भरमसाट होता. समोरच्या इमारतीवरच्या महापालिकेच्या मशीनमध्ये त्याचा मागमूस नव्हता.

"एकट्या ह्याच गॅलरीत शेकोटी पेटते होय गं?" बाई म्हणाल्या. "हे नमुने बाद. मशीन उद्या काढून आण."

मी भांडले. बाईंचं काही चुकत नव्हतं, म्हणून जरा जास्तच भांडले.

आणि आता हातात पाना घेऊन काकांसमोर उभी होते. मशीनमागच्या रिकाम्या कुंडीत राख होती. मी नुसतं बोट दाखवलं.

"जुने पेपर होते," काका शेवटी म्हणाले. "तूच म्हणाली होतीस ना, हवा चांगली निघाली तर मशीन दुसरीकडे हलवतील? म्हटलं, थोडी वाईट निघू दे."

म्हणाले होते मी. चहा पिता पिता, गंमत म्हणून. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं रडू आलं, की काय करावं सुचेना.

"अहो, चौकातली हवा काय कमी वाईट आहे? तिला तुमच्या मदतीची गरज होती का?"

"मग राहू दे की ते इथंच."

"आता नाही राहत काका. ह्या जागेवर भरवसाच उरला नाही त्यांचा."

"बरं," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

मी पंप बंद केला. गॅलरी एकदम गप्प झाली.

"त्याच्या घरघरीनं झोप छान लागायची," काका म्हणाले आणि मला बोल्ट काढता यावेत म्हणून मशीनचे पाय घट्ट धरून बसले.

"मी येत जाईन हो अधूनमधून."

"ये की," ते म्हणाले. पाहुण्यांना म्हणतात तसं. ह्या भागात आता माझं काही काम उरलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मशीन कवेत घेऊन मी जिना उतरू लागले. काका दारातच उभे होते.

"दार लावून घ्या काका. धूळ येतेय आत."

"येऊ दे."

मी पार खाली पोचले, तरी वर कडी वाजली नव्हती.