पदराखालचा भाव

शिवकांताबाईचा जीव दोन चाकांत अडकला होता. केजच्या पेठेत नवरा-बायकोचं बांगड्यांचं दुकान. गल्ल्यावर राजेश्वर बसायचा आणि गावोगावच्या आठवडी बाजारांना पेटी घेऊन ही जायची. जायची म्हणजे, जीप नेईल तेव्हा. जीप भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली कधी म्हणायची, तर ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर लोंबायला लागला की. बाई युसूफ वडगावला पोचेपर्यंत तिथल्या बायका दुसऱ्याकडच्या बांगड्या भरून, भजी खाऊन घरी गेलेल्या असायच्या.

म्हणून चाळिशी उलटल्यावर ती घरी कळू न देता धान्याच्या मोंढ्यामागच्या मैदानात भाचीच्या स्कुटीवर चालवायला शिकली. एकदा पडली, एकदा कडब्याच्या गंजीत घुसली. सोललेल्या गुडघ्याचं खापर घरी येऊन महादेवाच्या पायरीवर फोडलं. महादेवानंही ते मनावर घेतलं नाही.

पण नवी गाडी परवडत नव्हती, आणि जुनी आणायचा राजेश्वरला धीर नव्हता. तो टरबूज आणायला गेला तरी आतून पांढरं घेऊन यायचा. त्यात ही म्हणाली, इंटरनेटवर जाहिराती येतात, तिथं बघू.

"तिथं माणूस दिसत न्हाई, गाडी दिसत न्हाई, नुसता फोटू! फसलीस म्हंजी?"

"फसले, न्हाईतर हात हलवत परत आले, तर जलमात गाडीचं नाव काढणार न्हाई."

बोलून बसली, आणि मग तिची तिलाच धास्ती वाटली.

मुंजाजीच्या सायबर कॅफेत तीन कॉम्प्युटर होते. झेरॉक्सचं मशीन बंद ठेवलं, तर त्यातला एक चालायचा. मुंजाजीनं जाहिराती काढून दिल्या. पहिल्याच नंबरवर एक गोड आवाज म्हणाला, मी मिलिटरीत आहे, लांब बदली झाली आहे, तुम्ही आधी बँकेत पैसे टाका, गाडी ट्रान्सपोर्टनं घरपोच येईल.

"दादा," बाई म्हणाली, "माझे वडील शिवलिंगप्पा जलमभर बैलबाजारात दलाली करायचे. बैल चार पावलं चालवल्याबिगर त्यांनी समोरच्याचं पानसुद्धा खाल्लं न्हाई. तुमी गाडी घेऊन या, मी चहा पाजते."

फोन कट झाला.

"वहिनी, तुमाला काय शिकवायचं?" मुंजाजी हसत म्हणाला. तरी साईटच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. पैसे आधी देऊ नका, कागद बघा, गाडी चालवून बघा. एकटे जाऊ नका. गर्दीच्या ठिकाणीच भेटा.

बाईनं सगळं शब्दशः मनावर घेतलं. चूक झाली ती इथं.

दुसरी जाहिरात युसूफ वडगावच्या दवाखान्यातल्या पंचशीला सिस्टरांची होती. मूळच्या आष्टीच्या, बदलीनं परत तिकडंच निघालेल्या. "नवं क्वार्टर दवाखान्याच्या अंगणातच हाय ताई," त्या फोनवर म्हणाल्या. "आता गाडी काय चुलीपासून दारापर्यंत चालवू?" कारण पटण्यासारखं होतं. भेटायचं ठरलं केजला, तहसीलसमोरच्या लिंबाखाली. आणि गर्दी पाहिजे ना, मग बाजाराच्याच दिवशी!

एकटीनं जायचं नव्हतं, म्हणून बाईबरोबर राजेश्वर निघाला, कागद वाचायला मुंजाजी आला, आणि "आमी कावून मागं राहू?" म्हणत अख्खी गल्ली निघाली. सिस्टरांनीही बहुतेक तीच साईट वाचली असावी. त्या आपल्या आईला, केशरबाईला घेऊन आल्या होत्या. केशरबाई गाडीवरून उतरताच म्हणाली, "म्या आष्टीच्या बाजारात तीस वर्सं शेरडं इकली. मला फसवणारा अजून पाळण्यात हाय."

सिस्टरांचं ओळखपत्र बघायची वेळच आली नाही. बाजारातली चारपाच लेकरं त्यांना बघून भोकाड पसरून आयांच्या मागं लपली. "सुई देणाऱ्या बाई त्याच," मुंजाजी म्हणाला. "ह्याच्यापेक्षा पक्का पुरावा सरकारकडं पण न्हाई." गाडीचे कागदही सिस्टरांच्याच नावावर होते. चॅसीचा नंबर जुळला. बाईला वाटलं, झालं!

पण बाजाराच्या दिवशी झाडाखाली एखादी वस्तू उभी असली आणि दोन माणसं तिच्याकडं बघत असली, की ती वस्तू सगळ्या तालुक्याची होते. एकानं टायरला लाथ मारली. एकानं सीट उचलून आत तोंड घातलं. कुणी म्हणालं पेट्रोल लई पिते, कुणी म्हणालं रंग शुभ न्हाई. तेवढ्यात खताचे व्यापारी आप्पाराव पोट सावरत पुढं आले.

"सिस्टर, ह्या बाई जे देतील त्याच्यावर माझे पाचशे!"

"माझे सहाशे!" मागून कुणीतरी ओरडलं. ते कोण, आणि त्याला गाडी घ्यायची होती का, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बाईचा चेहरा उतरला. राजेश्वर हळूच म्हणाला, "जाऊ दे, आपल्या नशिबात न्हाई." म्हणजे जन्मभर पुन्हा ती जीप, आणि मांडीवर दुसऱ्याचं लेकरू. सिस्टर बिचाऱ्या म्हणत होत्या, "मी ताईंना शब्द दिलाय," आणि केशरबाई त्यांना कोपरानं ढोसत होती, "दम धर की गं, रंगात आलंय!"

"चालवून तरी बघू," म्हणत आप्पाराव गाडीवर बसले, चावी फिरवली आणि भुर्रकन गेले.

गेले ते गेलेच.

"कुणीबी चावी मागितली तर देऊ नका, असं लिहिलंय का हो तिथं?" सिस्टरांनी रडवेल्या आवाजात विचारलं. मुंजाजी म्हणाला, "ते त्यांच्या ध्यानात आलं नसंल." लोक वाट पाहू लागले. एकजण पोलीस चौकीकडं पळाला, वाटेत त्याला उसाचा रस दिसला, तिथंच थांबला. आणि मग समोरून आप्पाराव आले. मागं त्यांची बायको बसली होती.

"हिला सीट बसते का बघून आलो."

"न्हाई बसत," बायको उतरत म्हणाली. "आणि हे असले पुढं."

सगळा बाजार हसला. आप्पाराव मात्र हटेनात. "पाचशेचे हजार करतो!" आणि त्याच क्षणी शिवकांताबाईला वडील आठवले. उपरण्याखाली हात, चेहरा दगडासारखा, आणि भोवती शंभर माणसं गप्प.

तिनं चावी आप्पारावांच्या हातातून काढून घेतली. बाजारासाठी आणलेली बांगड्यांची पेटी राजेश्वरकडं दिली. मग डोक्यावरचा पदर खाली ओढून केशरबाईपुढं पसरला आणि म्हणाली, "मावशी, हात द्या."

केशरबाईचे डोळे लकाकले. तिनं सुरकुतलेला हात सरळ पदराखाली घातला.

आणि बाजार गप्प झाला. हात झाकले गेले की तिसऱ्यानं भाव बोलायचा नाही, हा कायदा तिथल्या कोंबडीलासुद्धा माहीत. आप्पारावांनी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग त्यांनी त्यात सुपारी टाकली.

पदराखाली काय चाललं होतं ते पदरालाच ठाऊक. अख्खं बोट म्हणजे हजार, पेर म्हणजे शंभर. केशरबाईनं मूठ अशी आवळली की तिच्या स्वतःच्याच हातातल्या दोन बांगड्या कडकन फुटल्या. "अगाई!" म्हणत बाईनं एक बोट सोडलं. म्हातारीनं ते परत पकडलं. बाईनं गुदगुली केली. म्हातारी खुदकन हसली, "हे बाजारात चालत न्हाई, माय!"

"माझ्या वडलांचं चालायचं."

मग बराच वेळ दोघीही हलल्या नाहीत. शेवटी केशरबाईनं हात बाहेर काढला आणि लेकीकडं बघून मान हलवली. "दिली. माझ्या फुटलेल्या बांगड्यांच्या बदल्यात मला दुकानातून डझनभर हिरव्या पाहिजेत."

सिस्टरांनी कागदांवर सह्या केल्या. नोटांचं पुडकं पदराआडूनच गेलं. कुणीतरी नारळ फोडला, कुणीतरी हँडलला लिंबू-मिरची बांधली, आणि एका लेकरानं सिस्टरांकडं बघत गाडीच्या सीटला हात लावायचं धाडस केलं.

"आता घरापर्यंत ढकलत न्यायची ना?" राजेश्वरनं विचारलं.

"बसा मागं."

"तू... तुला कधी..."

"महादेवाच्या पायरीवर शिकले. बसा."

तो बसला, पेटी मांडीवर घेऊन, डोळे मिटून. गाडी बाजारातून निघाली तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. मोंढा मागं पडला तशी राजेश्वरनं मान पुढं काढली.

"कितीला ठरली गं?"

"डायवरशी बोलू नये."

"अगं, नवरा हाय मी!"

"तिसराच की."

मग त्याला तिचा पदर वाऱ्यावर सुटलेला दिसला, चाकाकडं झेपावत असलेला. त्यानं तो हळूच गोळा केला, आणि घर येईपर्यंत मुठीत घट्ट धरून बसला. भाव त्याला अजून कळलेला नाही.