सव्वीस सह्यांचं चाक

माझ्या भाचीची नोकरी माझ्यामुळे गेली. तिची आणि आणखी पंचवीस जणांची. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट फिरवून फिरवून सांगायचा मला कंटाळा आहे आणि ज्यांना तशी हौस असते त्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्या जुन्या टोळीतला एक जण, ज्याला आम्ही दाढी म्हणायचो, आता घरात बसून मोबाइलसमोर क्रांतीवर बोलतो. दोन लाख लोक त्याला ऐकतात. मध्येच थांबून तो गाद्यांची जाहिरात करतो आणि मग पुन्हा व्यवस्था उलथवायला लागतो.

त्या काळी आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. नोकरी करायची नाही, कुणाला साहेब म्हणायचं नाही आणि आपल्यातही कुणाला पुढारी होऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं. मुलांनी केस वाढवले होते, मी कापून टाकले होते, त्यामुळे सगळ्यांच्या आया सारख्याच रडायच्या. खोलीत पत्रकं छापायला हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल मशीन होतं. स्टेन्सिल कापायचं काम माझं, कारण टायपिंग फक्त मला येत होतं. पुढारी नसलेल्या संघटनेतही चहा आणि टायपिंग बाईच्याच गळ्यात पडतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमची एकच गोष्ट खरोखर तडीस गेली. नदीकाठी कापड रंगवायचा कारखाना होता आणि तिथल्या संडासांना दारं नव्हती. अर्ज करायचा तर पहिली सही कोण करणार? ज्याची पहिली सही, तो दुसऱ्या दिवशी घरी. मग आम्ही कागदाच्या मधोमध मजकूर टाइप केला, त्याभोवती ताटली उपडी ठेवून पेन्सिलने गोल मारला आणि सह्या त्या गोलाच्या कडेने करायला लावल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. पहिला कोण, शेवटचा कोण, कळायला मार्गच नाही. मोठ्या कागदावर एकशे चाळीस सह्या बसल्या. मालकाने म्हणे तो कागद तीन दिवस टेबलावर गोल गोल फिरवला. सगळ्यांना काढलं तर कापड कोण रंगवणार? चौथ्या दिवशी सुतार आला आणि दारं बसली. पुढे मी मुकाट्याने एका कचेरीत टायपिस्ट झाले, साहेबाला साहेब म्हटलं, निवृत्त झाले. पण मनातल्या मनात त्या दारांवर मी चाळीस वर्षं काढली.

भाची माझ्या धाकट्या बहिणीची. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच असते. पार्सलच्या गोदामात पॅकिंग करते. तिच्या मनगटाला एक स्कॅनर बांधलेला असतो. दोन पार्सलांच्या मध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त गेली की तो वेळ ‘रिकामा’ म्हणून लागतो आणि रिकामा वेळ वाढला की पुढच्या आठवड्याच्या पाळ्या कमी होतात. संडास गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन यायला नऊ मिनिटं.

“शेजारच्या टेबलावरचे काका आहेत ना,” ती एकदा जेवताना म्हणाली, “त्यांना मधुमेह आहे. ते सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. परवा चक्कर येऊन खोक्यांवर पडले. यंत्राने तोही वेळ रिकामा धरला.”

“म्हणजे पुन्हा संडासच?” मी म्हणाले. पळसाला पानं तीनच. “मग तुम्ही काय करणार?”

“मी सगळं लिहून काढलंय. टाकते नेटवर.”

“टाक. लोक अंगठे दाखवतील, दोन जण रडका चेहरा टाकतील आणि खाली मांजराचा व्हिडिओ बघायला जातील. अगं, ज्याच्याकडे मागायचं त्याच्या हातात कागद द्यावा लागतो.”

“आणि पहिली सही कोण करणार, मावशी?”

झालं. जित्याची खोड. मी उठले, खरकटी ताटली धुऊन पुसली आणि कोऱ्या कागदावर उपडी ठेवली.

तिला ते आवडलं, हे मी अजूनही विसरू शकत नाही. नेहमी माझ्या जुन्या गोष्टींना “हो गं, हो” म्हणून उठून जाणारी ही मुलगी टेबलावर कोपरं टेकून बसली आणि म्हणाली, “भारी आहे हे.” मजकूर चार ओळींचा: संडासाला लागणारा वेळ रिकामा धरू नये. बाकी काही नाही. मी तीनदा काटछाट केली. मागणी लहान असली की माणसाला हो म्हणताना कमीपणा वाटत नाही, हे शहाणपण मीच तिला दिलं.

“नाव लिहून चालणार नाही,” ती म्हणाली. “एकेका नावाची चार-चार माणसं आहेत तिथं. कामगार नंबर लागेल.”

“लिहा नंबर. चाकात नाव काय आणि नंबर काय!”

आठ दिवस तो कागद डब्याच्या झाकणाखाली घडी होऊन गोदामात जात होता. कुणी फोटो काढू नये म्हणून मोबाइल बाहेर कपाटात ठेवून, जेवणाच्या सुट्टीत एकेकाची सही. रोज संध्याकाळी भाची घरी आली की मी आधी कागद उलगडायचे, मग तिला पाणी विचारायचे. कुणी ठसठशीत सही केली होती, कुणी इतकी बारीक की मुंगी चालून गेली असावी. काकांनी विचारलं होतं, “कुठून सुरू करू?” ती म्हणाली, “कुठूनही करा, काका. इथं पहिला नंबर कुणाचाच नाही आणि शेवटचाही नाही.” त्यावर ते म्हणाले, “शाळेत असं असतं तर मीही हुशार ठरलो असतो!” हे सांगताना ती हसत होती आणि मीही. मला इतकं बरं वाटत होतं की सांगायची लाज वाटते. आपण उगाच जगलो नाही असं वाटत होतं.

सव्वीस सह्या झाल्या. शुक्रवारी दुपारी भाचीने कागद सुपरवायझर बाईंपुढे धरला. मी बजावून ठेवलं होतं, माणसाच्या हातात द्यायचा, यंत्रात नाही. बाई तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांच्याही मनगटाला तसलाच स्कॅनर.

“मी हा घेऊन ठेवू कुठे गं?” त्या म्हणाल्या. “मला साधा ड्रॉवरसुद्धा नाही. अ‍ॅपमध्ये तक्रारीचं पान आहे, तिथं फोटो टाक.”

“फोटो नाही, ताई. तुम्ही वर द्या.”

“वर म्हणजे कुठं?” बाईंनी खरोखरच विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. बाईंचाही रिकामा वेळ वाढत होता. शेवटी त्यांनी कागद टेबलावर पसरला, स्वतःच्या मोबाइलने फोटो काढला, पाठवून दिला आणि कागद भाचीला परत केला.

अकरा मिनिटं गेली. मग सव्वीस मनगटं एकदम लाल झाली. तुमचं खातं तपासणीसाठी थांबवलं आहे, कृपया बाहेर पडा. खाली बाणही होता, दाराच्या दिशेचा. ही माणसं फाटकाबाहेर बसची वाट बघत उभी होती, तेवढ्यात समोरून दुसरी सव्वीस आत जायला लागली. प्रतीक्षायादीतली, घरी बसून मोबाइल वाजायची वाट बघणारी. त्यातल्या एकीने भाचीला विचारलं, “काम कसं आहे आतलं?”

ती घरी आली तेव्हा मी आतुरतेने दारातच उभी होते. सगळं ऐकूनही माझ्या डोक्यात शिरेना. “पण साहेबांनी कागद नीट पाहिला का?”

“कुठले साहेब, मावशी? यंत्राने नंबर वाचले.”

“सगळे? उलटे, आडवे, तिरके?”

“त्याला कागद फिरवावा लागत नाही.”

मी खाली बसले. सगळ्यांना काढलं तर काम कोण करणार, एवढ्या एका प्रश्नावर आमचं सगळं धाडस उभं होतं. तो प्रश्न आता अकरा मिनिटांत सुटत होता आणि मी, शहाणी, तिच्या सव्वीस माणसांना रांगेत नाही तर गोलात उभं करून पाठवलं होतं. तीन जणांनी सह्या केल्या असत्या तर तिघं गेले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी न राहवून मी दाढीला फोन केला. म्हटलं, तुझं लोक ऐकतात, काहीतरी कर. त्याने कागदाचा फोटो मागवला. “नंबर झाक हं,” मी म्हणाले. त्याने झाकले, तेवढी बुद्धी शाबूत आहे. रविवारी सकाळी त्याचा कार्यक्रम आला. आमची खोली, आमचे केस, आमचं मशीन, सगळं होतं. संडासाच्या दारांपाशी तर त्याने डोळे टिपले, मग गाद्या आल्या. नव्वद हजार लोकांना ते चाक आवडलं. दुपारपर्यंत कुणीतरी ते छापलेला टी-शर्ट विकायला काढला. त्या सव्वीस जणांचं पुढे काय, हे विचारणारा एक माणूस सापडला. तो दाढीशी दुसऱ्याच विषयावर भांडायला आला होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या मोबाइलवर एक अर्ज आला. भाची आंघोळ, चहा उरकून अकराला तो उघडायला बसली. घाबरली होती, म्हणून उशीर लावत होती. एकच प्रश्न होता. हा कागद कुणी सुरू केला? उत्तर दिल्यास खातं त्वरित सुरू होईल.

“माझं नाव लिही,” मी म्हणाले.

“मावशी...”

“अगं लिही. खरं तेच आहे ना? मला काय करणार आहेत? फासावर देणार? पेन्शन तर बंद करता येत नाही त्यांना.” मला खरंच हलकं वाटलं होतं. आयुष्यभर आम्ही कुणाचं नाव कुणाला दिलं नव्हतं आणि आज मी आपणहून माझं द्यायला निघाले होते.

तिने माझं नाव टाइप केलं. चौकट रिकामीच राहिली. तिथे अक्षरं उमटतच नव्हती, फक्त सहा आकडे चालत होते. मी आत जाऊन पेन्शनचं पुस्तक आणलं. “हे घे, यातले शेवटचे सहा टाक.” तिने माझं मन राखायला तेही टाकून पाहिले. असा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

तिने चौकट तशीच ठेवली. मग तिने मोबाइलवरचा सव्वीस जणांचा गट उघडला आणि लिहिलं: ‘सगळ्यांनी माझा नंबर टाका. 410873. कुणी वाईट वाटून घेऊ नका. कामावर जा.’ पाठवायच्या आधी तिने मला दाखवलंसुद्धा नाही. नंतर दाखवलं. वेळ अकरा चाळीस.

मी रडले. दुःखाने नाही, खोटं कशाला सांगू, अभिमानाने. वाटलं, सगळं गेलं तरी एवढं शिल्लक आहे. यंत्राला माणसं मोजता येतात, पण अशी एखादी मुलगी त्याच्या हिशेबात बसत नाही. तिकडे गटात हात जोडलेली चित्रं यायला लागली. लाल बदाम. एकीने लिहिलं, ताई तू देव आहेस.

भाची ती चित्रं मोजत होती. मग ती मान खाली घालून गट मागे मागे सरकवायला लागली. “सोळाच जण आहेत गं गटात, मला धरून सतरा,” ती म्हणाली. तिने मोबाइल माझ्याकडे केला. सकाळी सहा बावन्नपासून आठ दहापर्यंत, एकाखाली एक, नऊ जण गट सोडून बाहेर पडलेले. पहिलं नाव काकांचं.

“मोबाइल बिघडला असेल,” मी म्हणाले. इतकं बावळट मी आयुष्यात काही बोलले नसेन.

एक वाजता काकांचा फोन आला. भाचीने मलाही ऐकू येईल असा ठेवला.

“पोरी, पाचच मिनिटं आहेत. माझं चालू झालं. सकाळी सातच्या आतच.” मग ते खाकरले. “तुझा नंबर मला पाठ आहे ना गं. शेजारी शेजारी टेबलं आपली.”

“काका, मी सगळ्यांना तेच सांगितलंय. माझाच टाका म्हणून.”

“होय?” त्यांचा आवाज एकदम सुटला. “तू सांगितलंस? मग बरं झालं बाई. म्हणजे माझ्या हातून काही वावगं झालं नाही.”

“नाही काका.”

“तू आहेस म्हणून हो. नाहीतर आजकाल कोण कुणासाठी...” तेवढ्यात मागे कसलीतरी घंटा वाजली आणि फोन बंद झाला.

मला काकांचा राग यायला हवा होता. आलाही, पण टिकला नाही. माझ्या डोक्यात ते एकशे चाळीस जण आले. त्यांच्यातल्या एकानेही कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, हे मी चाळीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आले. त्यांना कुणी घरी एकेकट्याला गाठून विचारलंच नव्हतं, हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नाही.

“रागावलीस?” मी भाचीला विचारलं.

“काकांवर? नाही गं.”

“माझ्यावर.”

ती उठली, माझा चहाचा कप उचलून विसळून ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, “मावशी, हे पुन्हा कुणाला शिकवू नकोस.”

“नाही शिकवणार,” मी म्हणाले, आणि मी ते मनापासून म्हणाले.