जेलीफिशच्या टाकीला आशीर्वाद

आमच्या बेटावर नवं काही बांधलं की पाद्री येऊन आशीर्वाद देतात. मग ते घर असो, डुकरांचा गोठा असो, नाहीतर जेलीफिशची टाकी. आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख डॉक्टर लिगाया देव मानत नसत. पण आशीर्वादावाचून टाकी सुरू केली असती तर स्वयंपाकीण मानांग पुरिंगनं आम्हाला उपाशी ठेवलं असतं. म्हणून फादर ओनेसिमोंना बोलावलं.

फादर नवे, सेबू शहरातले. प्रवचन असं गुळगुळीत इंग्रजीत द्यायचे, की रविवारी चर्चमध्ये माणसांपेक्षा कुत्रीच जास्त.

लिगायांनी फादरच्या तीर्थाच्या भांड्यात बोट बुडवून चाखलं. "हे तर गोडं पाणी! माझी पोरं मरतील. समुद्राचं मंतरून द्या."

"डॉक्टर, आता तीर्थही तुमच्या पसंतीनं?"

"तुमचा येशू समुद्रावरच चालला ना? की विहिरीवर?"

फादरनी समुद्राचं पाणी मागवून मंतरलं. मात्र राग शिंपडण्यात उतरला. हिसक्यासरशी तीर्थ शिंपडायची चांदीची कांडी हातातून सुटली ती थेट टाकीत. लिगाया "थांबा!" म्हणेपर्यंत फादरचा हात कोपरापर्यंत आत.

आमची जेलीफिश चौकोनी, काचेसारखी, अंगठ्याएवढी. दिसत नाही, चावली की कळते.

"यावा!" फादर किंचाळले. यावा म्हणजे सैतान. बेटावरची सर्वांत लाडकी शिवी. तिच्यामागून अशा काही आल्या, की आमचे नावाडीसुद्धा कान टवकारून ऐकू लागले.

"व्हिनेगर आणा!" लिगाया ओरडल्या.

डंखावर ओतायला प्रयोगशाळेत ठेवलेला कॅन रिकामा. मानांगनं तो आशीर्वादानंतरच्या मेजवानीच्या चटणीसाठी पळवला होता. मी टेबलावरचा चटणीचा वाडगाच उचलून फादरच्या हातावर रिकामा केला. त्यात लसूण होता, कांदा होता, आणि जहाल मिरच्याही होत्या. पुढचं सगळं फादर अस्सल बिसायात, म्हणजे बेटाच्या बोलीत, बोलले.

या जेलीफिशचं विष हृदयावर जातं, म्हणून दुपारभर लिगाया फादरची नाडी धरून बसल्या. ओठ हलवत ठोके मोजत होत्या.

"प्रार्थना करताय?" फादरनी विचारलं.

"गप्प पडून राहा. मोजताना ठोके चुकतात माझे."

संध्याकाळी फादरनी डुकराचं मांस मागितलं, तेव्हा कुठे लिगायांनी त्यांचा हात सोडला.

रविवारी चर्च तुडुंब. फादर पहिल्यांदाच बिसायात बोलले, "परवा माझ्या तोंडून जे निघालं, त्याबद्दल..."

"पुन्हा म्हणा, फादर!" मागून मानांग पुरिंग ओरडली. "आमच्या म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं!"

फादर लाल झाले, आणि मग वेदीला धरून खो-खो हसत सुटले.