अपसेटचा रकाना

“पण बाई, किती झालं की अपसेट म्हणायचं?” क्रेनवाल्याने विचारलं.

सुरक्षा विभागात नव्यानेच आलेल्या बाईंनी पाळीच्या वहीत एक रकाना वाढवला होता: आज अपसेट आहात का? ज्याने ‘हो’ लिहिलं, त्याने त्या दिवशी क्रेनवर चढायचं नाही. चोवीस वर्षं क्रेनवाल्याने वहीत नुसती सही ठोकली होती. आता हे काय नवीन लचांड!

“मन ठिकाणावर नसणं,” बाई म्हणाल्या. “काळजी, दुःख, कशातच लक्ष न लागणं.”

“म्हणजे बायकोने डबा दिला नाही की अपसेट,” वेल्डर म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मग वेल्डरनेच जीभ चावली. क्रेनवाल्याची बायको जाऊन अकरा दिवस झाले होते.

घरात त्याचा जीव गुदमरत होता. चहाचं पातेलं कुठल्या फडताळात असतं, हेसुद्धा बापड्याला ठाऊक नव्हतं. वरची ती काचेची केबिन, एवढी एकच जागा उरली होती जिथे काय करायचं ते त्याला कळत होतं. तीही गेली तर माणसाने जायचं कुठे?

“‘नाही’ लिही आणि चढ गुपचूप,” बुटक्या त्याच्या कानाशी पुटपुटला. अठरा वर्षं बुटक्या खालून हाताने खुणा करायचा आणि क्रेनवाला वजन उचलायचा. “मी आहे ना खाली.”

तू आहेस खाली, तेच तर. क्रेनवाल्याने पेन उचललं, परत ठेवलं.

“बाई, काल गर्डर उतरवताना हा खाली उभा होता. थांब म्हणून हात दाखवत होता. माझे डोळे चांगले उघडे होते. पण मला हा दिसलाच नाही.”

बुटक्याने मान खाली घातली. काल तो उडी मारून कसाबसा वाचला होता आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

“हे बसतं का त्यात?” क्रेनवाल्याने विचारलं.

“बसतं, काका,” बाई हळूच म्हणाल्या.

त्याने ‘हो’ लिहिलं, केबिनची किल्ली टेबलावर ठेवली आणि भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसला. घरी जा म्हटलं तरी हलला नाही.

थोड्या वेळाने दुसरा ऑपरेटर वर चढला. बुटक्याने सवयीने आधी बाकाकडे पाहिलं, मग मान वर करून हात दाखवला. बाकावर क्रेनवाल्याची मूठ, केबिनमधला दांडा ओढावा तशी, मांडीवरून अलगद मागे आली.