दोन खोल्यांमधला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण मी म्हणतो म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. मीही कुणावर चटकन ठेवत नाही. समोर उभा राहून केस नीट करणारा माणूस खरंच केस नीट करतोय, की मागे कोण आहे ते बघतोय, हे मी आधी पाहून घेतो. जन्मच तसा मिळाला, त्याला मी काय करणार?

कारखान्यात माझ्या भावंडांच्या पाठीला दाट मुलामा दिला गेला. मला मात्र इतका पातळ दिला, की मी धड आरसाही नाही आणि धड काचही नाही. मला दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवलं. उजेडाच्या खोलीतल्या माणसाला माझ्यात स्वतःचं तोंड दिसे आणि अंधाऱ्या खोलीत बसलेल्याला माझ्यातून पलीकडचं सगळं दिसे. मला बसवणारा कारागीर सोबत्याला म्हणाला होता, "काहीतरी भानगड दिसते रे इथे." तेव्हा माझ्या मनात जी पाल चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली.

भानगड तशी भल्याची होती. तिथे मनाच्या एका मोठ्या आजारावर संशोधन चाले. त्या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले वैरी भासतात. तो जडण्याआधी काय खुणा दिसतात, घराण्यात आधी कुणाला होता का, झोप कधीपासून उडाली, हे समजून घ्यायला तरुण मुलामुलींना बोलावत. त्यांतल्या बहुतेकांना पुढे तो आजार होतही नसे. उजेडात संशोधक बाई प्रश्न विचारत. अंधारात त्यांचा मदतनीस छोट्या स्पीकरवर ऐकत बसे. दोघं प्रत्येक खुणेला वेगवेगळे गुण देत आणि नंतर ताडून बघत. मुलांना याची कल्पना आधी देतात म्हणे. देताना मी कधी पाहिलं नाही, म्हणून 'म्हणे'. येणारे-जाणारे माझं कौतुक करत, पण कौतुकाचं मला पहिल्यापासून वावडं.

एक दिवस कॉलेजात जाणारी एक मुलगी आली. तिची झोप उडाली होती, मैत्रिणी तुटल्या होत्या. सोबत आई होती. मुलगी आत गेल्यावर आईनं मदतनिसाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. त्याला दया आली आणि नियम मोडून त्यानं तिला अंधारात आपल्या शेजारी बसवलं. मला ते मुळीच रुचलं नाही. पण आरशाला विचारतो कोण!

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय, असं वाटतं का तुला?"

"वाटतं कशाला? ठेवतेच. माझी आई."

"कशावरून?"

"मी आंघोळीला गेले की माझा फोन जागेवरून हललेला असतो. कोपऱ्यावरची शिंपीणबाई रोज विचारते, आज उशीर का झाला. तिला काय करायचंय? आत्तासुद्धा आई इथेच कुठेतरी असणार."

"अगं, ती बाहेर बाकावर बसलीय."

"तुम्ही बघून आलात?"

बाई नुसत्या हसल्या आणि त्यांनी कागदावर संशयाच्या खुणेपुढे मोठा आकडा लिहिला. बघून मात्र कुणी आलं नाही. इकडे अंधारात मदतनिसानंही इमानेइतबारे लिहिलं : 'संशय जास्त. पुरावा नाही.' मित्रांनो, पुरावा त्याच्या शेजारी पदरानं डोळे पुसत बसला होता!

आईनं वाकून ते वाचलं. "हे काय लिहिलंत? ती खरं बोलतेय."

"काकू, ते आमचं काम आहे. तुम्ही शांत बसा."

पण ती शांत बसली नाही. तिनं भिंत चाचपली आणि दिवा लावला. त्याबरोबर माझं सगळं सोंग गळून पडलं. मुलीला माझ्या आरपार तिची आई दिसली.

आई धावतच आत आली. "बाई, तो आकडा खोडा. फोन मीच बघते. शिंपीणबाईलाही मीच सांगून ठेवलंय. हिचा मामा याच वयात खोलीत बसून राहायला लागला. आम्हाला वाटलं, अभ्यास करतोय. फार उशिरा कळलं हो."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "मामाचं मला कुणी कधी सांगितलंच नाही."

"तू घाबरशील म्हणून."

मग मुलगी हळूच म्हणाली, "घरात कुणी नसलं की मला हाक ऐकू येते. मला वाटलं, तूच फोनमध्ये काहीतरी बसवलंयस."

"नाही गं बाळा," आई म्हणाली. "ते मी नाही केलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. एवढे प्रश्न विचारून जे बाहेर आलं नव्हतं, ते आता आलं होतं. खऱ्या पाळतीच्या आडोशाला खरी खूण लपून बसली होती. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मुलगी घाबरली होती, पण रडली नाही.

"हाक ऐकू आली म्हणजे आजार झालाच असं नाही," बाई तिला म्हणाल्या. "लवकर सांगितलंस हे चांगलं केलंस. यापुढे लक्ष ठेवायचं ते तुला सांगून. आणि माझं चुकलं. मी बाहेर जाऊन बघायला हवं होतं."

असं लपून बघणं नको म्हणून मला तिथून काढलं. आता मी बाहेरच्या बेसिनवर टांगलेला आहे. माझ्यामागे नुसती भिंत आहे, असं म्हणतात. मी अजून खात्री केलेली नाही. कुणी पुसत नाही, अंगावर साबणाचे डाग पडतात. त्याचं काही नाही. तुम्हाला मात्र एकच सांगणं आहे. संशय घ्यायचा तर खुशाल घ्या. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या पाठीमागे चौकशा करू नका. समोर बसा आणि विचारा. आणि काही भलतंसलतं ऐकू आलं, दिसलं, तर मनात दाबून ठेवू नका.

ती मुलगी अजून इथे तपासणीला येते. परवा ती बेसिनवर तोंड धूत होती. आई शेजारी रुमाल घेऊन उभी होती.

"या आठवड्यात आली का गं हाक?"

"एकदा आली. तुला सांगणारच होते."

मी जन्माचा संशयी. पण तिचं ते बोलणं मी लगेच खरं मानलं.