मुंगी चालवणाऱ्या बाई

मावशी भाचीला भोंगा म्हणायची ते उगाच नाही. पोरीने न्हाणीघरात सूर लावला की खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत. अशा मुलीला ऑपेरा शिकवायला बाई मिळाल्या त्या नेमक्या हळू आवाजाच्या. त्या स्वतः ऑपेरात नायिकेची कामं करतात, असं सगळे सांगत. पण शिकवताना कधी मोठ्याने गायल्या असतील तर शपथ. धडा कायम एकच: सूर ऐकू येईल न येईल इतका बारीक धरायचा, हळूहळू फुगवायचा आणि न तुटता पुन्हा तितकाच बारीक करत न्यायचा. वर्गातली मुलं याला मुंगी चालवणं म्हणत. भोंग्याची मुंगी दर वेळी परतीच्या वाटेवर मरायची.

मग बाईंनी तिला नव्या ऑपेराच्या तालमीला नेऊन बसवलं, आणि तिथे तर तिचा उरलासुरला विश्वासही उडाला. बाकीचे खच्चून गात होते आणि बाई पुटपुटत होत्या! वरचा सूर आला की खालच्या पट्टीत गुणगुणून मोकळ्या.

"गळा गेला असणार," घरी मावशीने निकाल दिला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! तू त्या दुसऱ्या सरांकडे जा. त्यांच्या वर्गात तावदानं हादरतात म्हणे."

तालमीत गळा उधळायचा नसतो, प्रयोगासाठी राखून ठेवायचा असतो, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण भोंगा त्यात नवी, आणि विचारायची लाज. तिने सरांकडे जागा पक्की केली आणि बाईंना मान खाली घालून सांगून टाकलं. "तुमचा आवाज आता..." हेही तोंडातून निसटलंच.

बाई रागावल्या नाहीत. पर्समधून दोन तिकिटं काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"जा की. पण आधी मावशींना घेऊन हे ऐक, मग जा. सगळ्यात वरची, शेवटची रांग आहे."

शेवटची रांग म्हणजे छताला डोकं लागायचं तेवढं बाकी. जिने चढून धापा टाकत मावशी बसली आणि म्हणाली, "तुझ्या बाईंचा माईक कुठाय गं?"

"ऑपेरात नसतो."

"नसतो? मग एवढ्या वाद्यांपुढे काय खाणाखुणा करणार?"

बाई आल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मावशीची बोटं भोंग्याच्या मनगटात रुतली. तालमीत बाई ज्या सुराला बगल देत होत्या, तो साऱ्या वाद्यांच्या डोक्यावरून सरळ वर आला. एका बाईच्या बरगड्यांतून एवढं निघतं? आपण आजवर नुसते ओरडत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं आणि लाजही वाटायची राहून गेली, इतकी ती चकित झाली होती.

पण खरी कमाल पुढेच होती. शेवटच्या अंकात नायिका मरते. वाद्यं थांबली. बाईंनी एक सूर धरला, फुगवत फुगवत नाट्यगृह भरून टाकलं आणि मग तो लहान करत नेऊ लागल्या.

मुंगी! भोंग्याने ओळखलं. आता तुटेल, आता तुटेल म्हणून ती श्वास रोखून बसली. तुटला नाही. केसाइतका बारीक झाला, तरी बाई शेजारी बसून कानात गातायत असा वर ऐकू येत राहिला. एवढी माणसं, पण कुणी खोकलं नाही. तो संपला केव्हा, कुणालाच सांगता आलं नसतं.

"मूठ उघडली गं तिने," मावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

रंगपटात बाई तोंडावरचा रंग पुसत होत्या. भोंगा दारात उभी राहिली. सरांना नकार तिने जिना उतरतानाच फोनवर कळवून टाकला होता, पण बाईंना कोणत्या तोंडाने विचारणार?

"बाई... माझी जागा आहे का अजून?"

तिचं तिलाही धड ऐकू आलं नाही. बाईंनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं आणि हसल्या.

"इतका बारीक सूर तू आजवर कधी लावला नव्हतास. उद्या सकाळी ये. इथूनच फुगवायला घेऊ."