गोजी बेरीच्या बरणीची कबुली

मित्रांनो, माझे झाकण जरा सैल आहे, त्यामुळे मनातले बाहेर पडायला वेळ लागत नाही. मी एक जुनी काचेची बरणी आहे. भट्टीतून लालभडक होऊन निघाले, निवले आणि या घरी येऊन बावीस वर्षे साखर सांभाळली. कौतुक व्हायचे ते साखरेचे, बरणीला कोण विचारतो? मुंग्या तेवढ्या नेमाने भेटायला येत.

मग एके दिवशी घरच्या सूनबाईंनी मला घासूनपुसून माझ्यात गोजी बेरी भरल्या. इवलीशी, लाल, सुरकुतलेली सुकी फळे. मनुकांच्या मावसबहिणी म्हणा ना! सूनबाईंनी ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लिहून माझ्या पोटावर डकवली: 'गोजी बेरी. अ आणि क जीवनसत्त्व, लोह, तंतू, थोडी प्रथिने. झियाझँथिन, डोळ्यांच्या पडद्याला उपयुक्त. रोज एक चमचा.' पाहा, देवाने एवढ्याशा फळात केवढे भरून ठेवले आहे! आणि ते सगळे माझ्या पोटात! मी फुगले, मित्रांनो. काच असूनही फुगले.

या घरातले आजोबा घड्याळजी. चाळीस वर्षांचे दुकान. पण अलीकडे त्यांना सारे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसे. गावातल्या मास्तरीणबाईंनी दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचा सेकंदकाटा तीन दिवस आजोबांच्याच स्वेटरला चिकटून गावभर हिंडला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला होता; पण ऑपरेशन म्हटले की आजोबांना दरदरून घाम फुटे.

"अहो, असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागेल," आजी म्हणाल्या.

"काही लागत नाही. डोळ्यांवर बेरीचा उपाय आहे ना आता! महिनाभर बघ तू."

दुपारी घरात कोणी नसताना आजोबांनी मला खिडकीशी नेले, डोळ्याला कामाचे भिंग लावले आणि माझ्या चिठ्ठीला नाक टेकवून एकेक अक्षर घोकले. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या पार त्या टोकाला खुर्चीत बसून त्यांनी ती खडाखडा वाचून दाखवली. झियाझँथिनलासुद्धा जीभ अडखळली नाही!

"बाबा, तुम्हाला तिथून दिसतंय?" सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

"लख्ख!"

मग काय विचारता! रोज सकाळी वाचन होऊ लागले. शेजारचे शिंपीकाका ऐकायला येत आणि जाताना मूठभर बेरी नेत. मला खरे ठाऊक होते. पण मी गप्प राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघून हात जोडत होते, मित्रांनो. ही लबाडी माझ्या खाती लिहून ठेवा.

आजोबांचा चमचा वाढत वाढत मूठ झाला. पोट कुरकुरू लागले, डोळे मात्र तसेच.

एकदा आजींनी फळी पुसली आणि मला परत ठेवताना माझी पाठ बाहेर आली. मुद्दाम की चुकून, ते देव जाणे आणि आजी. आजोबा खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि वाचू लागले. "गोजी बेरी. अ आणि क जीवनसत्त्व..."

शिंपीकाका कोऱ्या काचेकडे बघत राहिले. सूनबाईंनी तोंडाला पदर लावला.

"वाचा, वाचा," आजी म्हणाल्या. "झियाझँथिन राहिलं."

तेही आजोबांनी वाचले. मग आजींनी मला अलगद उचलले आणि तशीच, पाठ पुढे करून, त्यांच्या मांडीवर आणून ठेवले. आजोबांच्या बोटांना पुढे कोरी काच लागली, चिठ्ठी मागे, आणि त्यांना सगळे उमगले.

"मला कापून घ्यायची भीती वाटते गं," ते हळूच म्हणाले. "त्यात डोळा गेला तर मी करू काय?"

"मग तसं म्हणा ना! भीती वाटते म्हणणाऱ्या माणसाबरोबर जाता येतं. लख्ख दिसतं म्हणणाऱ्याचं मी काय करू?"

आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. हो, मीसुद्धा, आजोबा साक्षीदाराशिवाय निघेनात. डॉक्टरीणबाईंनी एक बेरी तोंडात टाकली. "छान आहे. भाज्या-फळं खातो तशी खावी, चमचाभर. पण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. आजोबा, घड्याळाची काच धुरकट झाली तर तुम्ही घड्याळाला खाऊ घालता का?"

"छे! काच बदलतो."

"मग?"

आजोबांनी मान खाली घातली. ती होकाराचीच होती.

"आणि रक्त पातळ करायची गोळी कोणी घेत असेल, तर मला विचारल्याशिवाय बेरी नको," बाई म्हणाल्या. तेव्हा आजींनी माझ्यात घातलेला हात गुपचूप बाहेर काढला.

ऑपरेशन देवकृपेने सुखरूप झाले. पट्टी निघाल्यावर आजोबा घरी आले, खोलीभर पाहिले आणि आजींपाशी येऊन थबकले.

"अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्हाला लख्ख दिसत होतं ना, तेव्हाच."

आजोबा इतके हसले की मी फळीवर किणकिणले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आणि ही बरणी इतकी मळकट?" त्यांनी मला स्वतः धुतले, उन्हात वाळवले.

तर मित्रांनो, माझ्यातला एक चमचा आनंदाने खा. त्याच्यावर भलते ओझे मात्र टाकू नका. फळ आहे ते, वैद्य नव्हे. आम्हा बरण्यांना अधूनमधून पुसा. आणि अक्षर दिसेनासे झाले, तर पाठ करत बसू नका. घरच्या माणसाला हाक मारून सांगा, "मला दिसत नाही, चल माझ्याबरोबर."